टपालपेटीची नवी खिडकी

टपालकचेरीत पत्र येऊन पडले म्हणजे ते वाचकाच्या हाती पोचले असे नव्हे. ई-मेलचेही तसेच आहे. ते प्रथम मेल-सर्व्हर नावाच्या संगणकात येऊन पडते. सर्व्हरासर्व्हरांतील ही वाहतूक जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली शब्दबद्ध केलेल्या एसएमटीपी या नियमावलीने चालते. पण आलेले पत्र वाचावयाचे कसे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा. त्यासाठी १९८४ मध्ये पीओपी ही रीत निघाली. तीत पत्रे वाचकाच्या संगणकावर उतरत आणि पेटी बहुधा रिकामी होई. मग कचेरीत उतरलेले पत्र घरी सापडू नये! मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड येथे १९८६ साली सुचविलेल्या आयमॅपमध्ये पत्रे जागच्या जागी राहतात व वाचक तेथे जाऊन ती पाहतो.

केवळ ब्राउझरच्या साहाय्याने कोठूनही पत्रे वाचण्याची सोय लोकप्रिय झाली ती सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलमुळे, ४ जुलै १९९६ पासून. तीच सोय आज एखादी लहानशी संस्थाही स्वतःच्या सर्व्हरवर करू शकते. पत्रे स्वीकारण्यास पोस्टफिक्स आणि ती दाखविण्यास डव्हकॉट हे प्रोग्रॅम तेथे असले, की एक वेब-सर्व्हर, पीएचपी, एक डेटाबेस आणि राउंडक्यूब एवढी सामग्री पुरते.

येथे एक गैरसमज हमखास होतो. पत्रे त्या डेटाबेसमध्ये जातात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथे प्रामुख्याने पत्त्यांची वही आणि वाचकाच्या आवडीनिवडी असतात. राउंडक्यूब हा केवळ दुभाषा आहे. वाचकाने दिलेले नाव व पासवर्ड घेऊन तो आयमॅपच्या दाराशी जातो, पत्र मागून आणतो आणि वेबपानाच्या रूपात मांडतो. उत्तर धाडावयाचे झाल्यास ते ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून एसएमटीपीच्या स्वाधीन करतो. म्हणूनच राउंडक्यूब काढून टाकला तरी पत्रे सुखरूप राहतात.

पासवर्ड मात्र या खिडकीतूनच जातो. तेव्हा एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र हवेच. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते २०१५ पासून विनामूल्य देते. जुळणी संपल्यावर ‘इन्स्टॉलर’ हे फोल्डर काढून टाकावे, अशी निर्मात्यांचीच सूचना आहे. काम तर झाले, या समाधानात नेमके तेवढेच राहून जाते.

त्याहून मोठा धोका उघड्या खिडकीकडे पुढे न पाहण्याचा. २०२३ च्या ऑक्टोबरात राउंडक्यूबमधील एक दोष हेरून युरोपातील सरकारी कार्यालयांच्या टपालात घुसखोरी झाली. वाचकाने कशावरही बोट दाबावयाचे नव्हते. आलेले पत्र ब्राउझरमध्ये नुसते उघडले की झाले! निर्मात्यांनी काही दिवसांतच सुधारित आवृत्ती दिली. ती बसविण्याचे काम मात्र ज्याच्या त्याच्या सर्व्हर-चालकाकडेच राहिले.