पोटातला अलार्म

बत्हा म्हणजे रियाधमधली आपली मंडई. शुक्रवारी दुपारनंतर एक चक्कर मारली की तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं आणि दोन-चार मराठी चेहरेही भेटतात. काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका दवाखान्यात मी लागोपाठ तीनदा अमीबाच्या गोळ्या घेतल्या. जुलाब, कळा, शौचावाटे रक्त. चार दिवस बरं वाटे, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सौ.चं पुण्याहून फोनवर निदान, "बाहेरचं खाणं!" माझं स्वतःचं, मूळव्याध. लाजेपोटी कुणाशी बोललो नाही. सुट्टीत पुण्याला दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा खरं नाव कळलं : अल्सरेटिव्ह कोलायटिस.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, म्हणून डॉक्टरांचं सांगणं माझ्या भाषेत लिहितो. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. त्याच्या अलीकडे अब्जावधी जंतू, पलीकडे शरीराच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा फौजफाटा. एरवी तिथल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, आत घुसलेला जंतू गिळतात आणि गप्प बसतात. अलार्म वाजतच नाही. या आजारात मात्र रक्तातून नव्या पेशी येतात, त्या गप्प बसत नाहीत. टीएनएफ नावाचं रसायन सोडून त्या आणखी पेशींना बोलावतात. टी-पेशी त्यात भर घालतात. न्यूट्रोफिल धावून येतात आणि अस्तरालाच इजा करतात. अस्तर फाटलं की जंतू आत, की पुन्हा अलार्म. (शौचाच्या कॅल्प्रोटेक्टिन तपासणीत याच न्यूट्रोफिलमधलं प्रथिन मोजतात.)

मग रीसेटचं बटण कुठे असतं? काही टी-पेशींचं कामच इतरांना आवरणं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 साली त्या दाखवून दिल्या. 2025 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. या आजारात हा आवर अपुरा पडतो.

साध्या गोळ्यांनी भागेना, तेव्हा टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला. अशा औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्स या भावंड आजारासाठी अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला टीबी होता?" मी सवयीने "नाही" म्हणणार होतो. शेजारी आई बसली होती. ती हळूच म्हणाली, "तुझी आत्या मिरजेला होती ना, सॅनेटोरियममध्ये." आमच्या घरात त्याला 'हवापालट' म्हणत!

तो प्रश्न उगाच नव्हता. शरीरात झोपलेले क्षयाचे जंतू याच पेशी गाठींत कोंडून ठेवतात आणि त्या गाठी टिकायला हेच टीएनएफ लागतं. ते रोखलं तर क्षय जागा होऊ शकतो. माझी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. छातीचा फोटो स्वच्छ होता. आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी इंजेक्शन. आज मी कामावर आहे, जेवतो-खातो. आजार मुळापासून गेलेला नाही, पण अलार्म शांत आहे.

तेव्हा मंडळी, शौचावाटे रक्त दिसलं किंवा जुलाब महिनाभर हटेनात, तर चौथ्यांदा त्याच गोळ्या घेऊ नका. पोटाच्या तज्ज्ञाकडे जा. आणि जाण्यापूर्वी घरी फोन करून विचारा, आपल्याकडे 'हवापालटाला' कोण कोण गेलं होतं?