एका सहीची किंमत

इंजिनीअरिंगच्या मुलाने कादंबरीवर लेख लिहायचा म्हणजे जरा जास्तच होतं, असं माझ्या रूम पार्टनरने ऐकवलंच. पण या कादंबरीत एक जुनी बिल्डिंग आहे, बिल्डर आहे, एफएसआय आहे आणि फिजिक्स शिकवणारे एक मास्तरही आहेत. तेव्हा ती अगदीच सिलॅबसबाहेरची नाही!

अरविंद अडिगा यांची 'लास्ट मॅन इन टॉवर' ही इंग्रजी कादंबरी २०११ साली आली. 'द व्हाइट टायगर'साठी २००८ चं बुकर पारितोषिक मिळवणारे हेच ते लेखक. कथा घडते सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात. अंधेरीहून चर्चगेटकडे निघालं की दुसरं स्टेशन. आजूबाजूला झोपड्या, डोक्यावरून जाणारी विमानं आणि मध्ये विश्राम सोसायटीचा जुना 'ए' टॉवर. पाणी ठराविक वेळेलाच येतं, भिंतींना ओल आहे. पण हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान बिऱ्हाडं वर्षानुवर्षं एकत्र नांदतात आणि आपण 'चांगल्या वस्तीतले' असल्याचा त्यांना अभिमान आहे.

मग धर्मेन शाह नावाचा बिल्डर येतो. पैसे घ्या आणि जागा सोडा, इथे आलिशान टॉवर होणार! देऊ केलेली रक्कम बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त. अट एकच, ठरलेल्या मुदतीत सगळ्यांच्या सह्या हव्यात.

बिल्डरला एवढे पैसे परवडतात कसे? गणित सोपं आहे. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. उपनगरात मूळ एफएसआय १ होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला, म्हणजे दुसऱ्या ठिकाणचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन इथे वापरायची सोय. समजा १००० चौरस मीटरच्या प्लॉटवर १००० चौरस मीटर बांधकाम आहे. परवानगी २ पर्यंत गेली की तिथे २००० होतं. जादा १००० मीटरच्या विक्रीतून बांधकामाचा खर्च, जुन्या सभासदांचा मोबदला आणि नफा, सगळं निघतं. म्हणजे बिल्डरचा डोळा जुन्या भिंतींवर नसतो, त्या भिंतींवरच्या मोकळ्या हवेवर असतो.

आता मास्तर. योगेश मूर्ती, सगळ्यांचे 'मास्टरजी'. रिटायर्ड शिक्षक, सोसायटीतल्या मुलांना घरी सायन्स शिकवतात. बायको वारलेली. मुलगी लोकल ट्रेनमधून पडून गेलेली. घरात राहिल्यात त्या दोघींच्या आठवणी. आधी नकार देतात ते शेजारच्या पिंटो दांपत्यासाठी. मिसेस पिंटोंना दिसत नाही आणि या जिन्याची पायरी न् पायरी त्यांच्या पायांना पाठ आहे. पुढे घाबरून पिंटो सही करतात. मास्तर मात्र अडून बसतात. त्यांना जास्त पैसे नको असतात. त्यांना काहीच नको असतं, आणि नेमकं हेच कुणाला समजत नाही.

शेवट सांगतो, कारण ही रहस्यकथा नाही. आधी टोमणे, मग बहिष्कार, मग दारावर घाण. शेवटी मास्तरांचा जीव जातो, आणि तो बिल्डरचे गुंड घेत नाहीत. शेजारीच घेतात.

वर्गसंघर्ष म्हटलं की आपल्याला बंगला विरुद्ध झोपडपट्टी आठवते. मराठीत जयवंत दळवींची 'चक्र' आहे, ती झोपडपट्टीतल्या माणसांची. लाहोरवर लिहिणाऱ्या मोहसीन हमीद यांच्या 'मॉथ स्मोक' (२०००) मध्ये समाजाचे दोन भाग पडतात, एसीवाले आणि बिनएसीवाले. बँकेतली नोकरी गेलेला नायक बघता बघता पहिल्यातून दुसऱ्यात घसरतो. अडिगांच्या कादंबरीत हीच फट एका जिन्यावर पडते. कालपर्यंत सगळे सारखेच मध्यमवर्गीय. चेक समोर दिसला की कळतं, कुणाला आहे तेवढं पुरतं आणि कुणाचं अजिबात भागत नाही.

म्हणूनच हे शेजारी राक्षस वाटत नाहीत. मिसेस पुरींचा मुलगा रामू याला डाउन सिंड्रोम आहे. आपल्यामागे त्याचं काय, या काळजीचं उत्तर त्यांना त्या पैशात दिसतं. सर्वांच्या सह्यांची अट घालून बिल्डरने एका माणसाच्या 'नाही'चा अर्थ इतरांसाठी 'माझं नुकसान' असा करून टाकलेला असतो.

प्रत्यक्षात पुनर्विकासाला सगळ्यांच्या सह्यांची गरज नसते. राज्य सरकारच्या २००९ च्या निर्देशांत पाऊण बहुमताचा दंडक होता, २०१९ मध्ये तो ५१ टक्क्यांवर आला. शिवाय बहुतेक ठिकाणी पैशांऐवजी त्याच जागी नवा फ्लॅट मिळतो. त्यामुळे एकट्या माणसावरचा दबाव कमी होतो हे खरं. पण त्याचं म्हणणं न ऐकताच पुढे जाण्याची सोयही होते.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये सध्या अशाच मीटिंगा चालू आहेत. तळमजल्यावरच्या एक आजी दर वेळी विचारतात, "नवीन घराचा मेंटेनन्स किती येईल हो?" पेन्शनवर जगणाऱ्या बाईचा हा साधा प्रश्न. त्यावर मागून आवाज येतो, "आजी, आता अडवू नका!" आकडा अजून कुणी सांगितलेला नाही. गेल्या सुट्टीत मी आणि माझ्या भावाने कमिटीला लेखी पत्र दिलं : मेंटेनन्सचा अंदाज, कार्पेट एरिया, भाडं आणि बँक गॅरंटी, चारही गोष्टी मतदानाआधी कागदावर द्या. पत्रावर पहिली सही आजींनी केली.

बोरिवली, घाटकोपर, मुलुंडहून आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा विषय आज ना उद्या येणारच. प्लॅन वाचायला आपण इथे शिकतोच आहोत. घरी गेलात की तो वाचा, आणि जो सही करत नाही त्याच्याकडे चहाला जाऊन कारण विचारा. पुस्तक वाचायचं असेल तर माझ्याकडे आहे, फक्त सबमिशनच्या आत परत करा!