कानांवर हात ठेवणारे मूल

अनंत चतुर्दशीची मिरवणूक महाद्वार रोडवर आली, की कोल्हापूरच्या मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. एखादे मूल मात्र त्या वेळी आतल्या खोलीत दडते आणि दोन्ही कान घट्ट दाबून धरते. डॉल्बीचा दणदणाट कोणालाही सोसवत नाही, तेव्हा एवढ्यावरून काळजीचे कारण नाही. परंतु कुकरची शिट्टी, मिक्सर, शाळेची घंटा असे नित्याचे आवाजही त्याला असह्य होत असतील, तर तो हट्ट नव्हे आणि दृष्टही नव्हे. वैद्यकशास्त्रात या त्रासाला 'हायपरअक्युसिस' म्हणतात.

ज्येष्ठ वाचकहो, हे दुःख आपल्याला अगदीच परके नाही. हळू बोललेले ऐकू येत नाही आणि समोरच्याने जरा आवाज चढवला, की "ओरडतोस कशाला?" असे आपल्या तोंडून निघते. उतारवयात कान क्षीण झाल्यामुळे असे घडते. मुलात कारण निराळे असते. पुष्कळदा कान उत्तम असतो, मात्र आलेला आवाज मेंदू अवाजवी मोठा करून घेतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवावी. कोणता आवाज, किती वेळ, मूल काय करते आणि किती वेळाने शांत होते, हे तीत लिहावे. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या आजी-आजोबांइतकी अचूक नोंद दुसरे कोण करणार? प्रथम बालरोगतज्ज्ञ, नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञ, असा क्रम ठेवावा. श्रवणचाचणीपूर्वी मुलाचा त्रास तंत्रज्ञांना सांगावा, कारण काही चाचण्यांत मोठे आवाज ऐकवतात. चाचणी निर्दोष आली, तरी त्रास खोटा ठरत नाही. बोलणे उशिरा आले असेल किंवा मूल नजरेला नजर देत नसेल, तर स्वमग्नतेची तपासणी करून घ्यावी. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत त्याची चौकशी करावी.

त्रास अचानक सुरू झाला, सोबत ताप व मान ताठरणे, चेहरा एका बाजूस वाकडा होणे, झटके, कानातून पू येणे किंवा डोक्याला मार अशी लक्षणे असली, तर वहीसाठी थांबू नये; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरी दोन टोके टाळावीत. 'सवय होईल' म्हणून मुलाला ढोलताशांपुढे उभे करू नये. त्याने भीती वाढते. उलट, दिवसभर कानांत बोळे घालूनही ठेवू नयेत. शांततेची सवय लागली, की साधा आवाजही बोचू लागतो. कानांवरचे संरक्षक आवरण मिरवणुकीपुरतेच वापरावे. कानात तेल घालू नये. मिक्सर लावण्यापूर्वी मुलाला सांगावे; जमल्यास बटण त्यालाच दाबू द्यावे. आवाज केव्हा येणार आणि केव्हा थांबणार हे आपल्या हाती आहे असे कळले, की मुलाची निम्मी धास्ती ओसरते.