केबल जोडली, आता भाषा जुळवा!

ऑनलाइन खरेदी करताना ‘फक्त २ शिल्लक’ असं दिसलं, की तुम्ही पटकन ऑर्डर देता ना? पण हा आकडा येतो कुठून? वेबसाइट मायएसक्यूएलवर चालत असते आणि गोडाऊनचा हिशेब कदाचित भलत्याच मशीनवर असतो. उदाहरणार्थ, एएस/४००वर!

आयबीएमनं १९८८ मध्ये आणलेलं हे मशीन मेनफ्रेमपेक्षा लहान आणि पीसीपेक्षा दणकट, म्हणून ‘मिडरेंज’. पुढे नावं बदलली. आज त्याची ऑपरेटिंग सिस्टिम ‘आयबीएम आय’ म्हणून ओळखली जाते. डीबीटू हा डेटाबेस तिच्यातच असतो, तो वेगळा बसवावा लागत नाही.

मग दुसऱ्या कंपन्यांच्या डेटाबेसशी याची गट्टी कशी जमवायची? त्यासाठी ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. बाहेरच्या प्रोग्रॅमला इथला डेटा हवा असेल, तर ओडीबीसी किंवा जेडीबीसी ड्रायव्हर कामाला येतो. उलट, इथल्या आरपीजी प्रोग्रॅमला ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरकडे काही विचारायचं असेल, तर तो जावामार्फत त्या कंपनीचा जेडीबीसी ड्रायव्हर वापरू शकतो.

झालं काम? छे! खरी गोची पुढेच आहे. इंग्रजी ‘ए’ या कॅपिटल अक्षराचा नंबर तुमच्या लॅपटॉपवर ६५, तर एएस/४००च्या एब्सिडिक पद्धतीत १९३. एवढं भाषांतर ड्रायव्हर करतो. पण जुन्या फाइलमध्ये १२४०८१५ असं लिहिलेलं असेल तर? ती १५ ऑगस्ट २०२४ ही तारीख असू शकते. पहिला १ म्हणजे दोन हजारचं शतक. ड्रायव्हरला मात्र तो नुसता सात आकडी नंबर दिसतो. त्याचा अर्थ माणसानंच सांगावा लागतो. तो चुकला, तर एररही येत नाही, चुकीची तारीख गुपचूप बिलावर छापली जाते.

दुसरा धोका म्हणजे मध्येच तुटलेलं नेटवर्क. गोडाऊनमधला स्टॉक कमी झाला, पण वेबसाइटवर ऑर्डर नोंदलीच गेली नाही, तर? म्हणून दोन्हीकडे नोंद होईल किंवा कुठेच होणार नाही, अशी व्यवस्था आधीच करावी लागते.

कॉलेजच्या लॅबमध्ये आपण बहुतेक वेळा एकाच डेटाबेसवर प्रॅक्टिकल उरकतो. तेव्हा या सुट्टीत लॅपटॉपवर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल दोन्ही टाका आणि एकातलं टेबल दुसऱ्यात न्या. तारखा आणि रिकामे रकाने नीट तपासा. आयबीएम आय बघायचंय? पब४०० या सार्वजनिक सर्व्हरवर शिकण्यासाठी मोफत अकाउंट मिळतं.

नवी लँग्वेज शिकणारे पुष्कळ भेटतील. जुन्या आणि नव्या, दोघांचंही बोलणं समजणारे कमीच. त्यांच्यात तुमचा नंबर लागू द्या!