मॉस्कोतील चौथा क्रमांक

मॉस्कोच्या संगीत महाविद्यालयातील ज्या मोठ्या सभागृहाच्या भिंतींवरून थोर रचनाकारांच्या तसबिरी शंभरांहून अधिक वर्षे खालच्या श्रोत्यांकडे आणि मंचावरच्या वादकांकडे सारख्याच गंभीर मुद्रेने पाहत आल्या आहेत, त्या सभागृहात २०१५ च्या उन्हाळ्यात पंधराव्या चायकोव्हस्की स्पर्धेची पियानोची फेरी झाली आणि तिच्या अखेरीस परीक्षकांचा निवाडा व श्रोत्यांचा कौल यांची तोंडे दोन दिशांना झाली. अंतिम फेरीत सहा वादक पोहोचले होते. पहिले बक्षीस रशियाच्या द्मित्री मास्लेयेव्हला मिळाले; दुसरे लुकास गेन्युशास आणि अमेरिकेचा जॉर्ज ली यांच्यात, तर तिसरे सेर्गेई रेदकिन आणि दानील खारितोनोव्ह यांच्यात विभागून देण्यात आले; आणि उरलेल्या एकाच्या, म्हणजे लुका दबार्ग या चोवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाच्या, वाट्याला चौथा क्रमांक आला. सहा जणांत चौथा म्हटले तरी दप्तरी हिशेबाने हा शेवटचाच क्रमांक होय. तथापि त्या पंधरवड्यात मॉस्कोच्या रसिकांच्या तोंडी जे नाव सर्वाधिक झाले ते याच तरुणाचे होते. त्याच्या एकल वादनानंतर सभागृह टाळ्या आवरीना, आणि शहरातील संगीत-समीक्षकांच्या संघाने आपले स्वतंत्र बक्षीस पहिल्या क्रमांकाच्या मानकऱ्यास न देता या चौथ्यास दिले.

हे वादन निर्दोष नव्हते. त्या वेळी त्याच्यावर अक्षरशः लुब्ध झालेले श्रोतेही ही गोष्ट नाकारीत नव्हते. आणि म्हणूनच या प्रसंगाचा थोडा निवांतपणे विचार करावासा वाटतो. ज्या कलेत अचूकपणा ही प्रवेशाचीच अट मानली जाते, त्या कलेतील जाणत्या श्रोत्यांनी उणिवा स्पष्ट दिसत असताना एखाद्यास डोक्यावर घ्यावे, यात त्यांच्या भाबडेपणाहून अधिक काही आहे असे माझे मत आहे.

दबार्गची पूर्वपीठिका अशा स्पर्धांत उतरणाऱ्या वादकांच्या रिवाजाला धरून नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी पियानोपुढे बसलेली, बाराव्या वर्षी वाद्यवृंदासह वाजवू लागलेली मुले ज्या मार्गाने तेथवर येतात, तो मार्ग त्याला ठाऊकच नव्हता. घरी संगीताचा वारसा नाही. एका मित्राकडे मोझार्टच्या एकविसाव्या पियानो-कॉन्चेर्टोतील संथ भागाचे ध्वनिमुद्रण कानी पडले आणि तेथून ओढ लागली. पॅरिसच्या उत्तरेस असलेल्या कोंपियेन गावी अकराव्या वर्षी शिक्षण सुरू झाले, सतराव्याच्या सुमारास ते सुटले, आणि पुढची काही वर्षे हा तरुण पॅरिसमध्ये साहित्याचा विद्यार्थी म्हणून राहिला व पोटासाठी एका किराणा-भांडारात नोकरी करू लागला. विशीत तो पुन्हा वाद्याकडे वळला आणि रेना शेरेशेव्स्काया या रशियन गुरूंच्या हाती सापडला. या बाईंनी मॉस्कोत लेव्ह व्लासेन्को यांच्याकडे शिक्षण घेतले होते, आणि हे व्लासेन्को म्हणजे १९५८ च्या पहिल्याच चायकोव्हस्की स्पर्धेत दुसऱ्या बक्षिसाचे एक मानकरी. त्या वर्षी पहिले बक्षीस व्हॅन क्लायबर्न या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने पटकावले होते. अवघ्या चार वर्षांच्या तालमीनंतर बाईंनी आपला हा उशिरा सुरुवात केलेला शिष्य त्याच मंचावर नेऊन बसविला, यातील धाडसाला तोड नाही.

दुसऱ्या फेरीत त्याने ज्या दोन रचना निवडल्या त्यांवरूनही माणूस ओळखू यावा. पहिली निकोलाय मेटनर या रशियन रचनाकाराची एफ मायनरमधील तरुणपणची सोनाटा. मेटनर मायदेश सोडून लंडनच्या परिसरात विजनवासाचे आयुष्य कंठीत होता, जगाला त्याचा जवळजवळ विसर पडला होता, आणि अशा काळात त्याच्या रचनांचे ध्वनिमुद्रण व्हावे म्हणून द्रव्याची तजवीज केली ती म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी; कृतज्ञ मेटनरने आपला तिसरा पियानो-कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. रशियातच फारसा न वाजविला जाणारा हा रचनाकार एका फ्रेंच तरुणाने मॉस्कोच्या लोकांसमोर आणावा, आणि त्याच्या पुनरुज्जीवनाचा एक धागा दक्षिण हिंदुस्थानातील एका संस्थानापर्यंत पोहोचावा, हे वाचून आपल्याकडील वाचकास आनंद झाल्यावाचून राहणार नाही.

दुसरी रचना रावेलची ‘गास्पार द ला न्युई’. १९०८ साली लिहिलेल्या या कृतीचे तीन भाग आलोयझ्युस बेर्त्रां या अल्पायुषी कवीच्या गद्यकाव्यांवर आधारलेले आहेत. पहिल्यात माणसाला भुलविणारी जलपरी आहे. दुसऱ्यात फाशीच्या खांबावर लोंबणारे प्रेत आणि दूरच्या घंटेप्रमाणे आरंभापासून अखेरपर्यंत पडत राहणारा एकच स्वर आहे. तिसऱ्यात रात्री खोलीत गरगरणारे एक खुजे पिशाच्च आहे. हा तिसरा भाग बालाकिरेव्हच्या त्या काळी सर्वात अवघड मानल्या गेलेल्या ‘इस्लामेई’हूनही दुर्घट करावा असा रावेलचा उघड मानस होता. शेकडो स्पर्धक ही कृती बोटांच्या चपळाईची सनद म्हणून सादर करतात. दबार्गने ती काव्य वाचावे तशी वाजविली: मधल्या भागातला तो एकच स्वर प्रत्येक वेळी त्याच संथपणे, पण भोवतालच्या स्वरांच्या छायेप्रमाणे वेगळ्या अंतरावरून आल्यासारखा उमटत होता, आणि शेवटच्या भागातील वेग हा कसरतीचा वेग न राहता भेदरलेल्या मनाचा वेग झाला होता. या वादनाचे ध्वनिचित्रमुद्रण आजही पाहता येते, आणि मी ते जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा, पुढे काय येणार हे पक्के ठाऊक असूनही, पुढचा स्वर आता कसा येईल याची उत्कंठा वाटते.

मग उणीव कोठे होती? त्याच्या हाताची ठेवण आणि बोटांची योजना शाळेतल्या शिस्तीची नव्हती. दाट जागी काही स्वर निसटत, काही शेजारच्या पट्टीला चाटून जात. ही उणीव अंतिम फेरीत उघडी पडली. तेथे प्रत्येकास संपूर्ण वाद्यवृंदासह लागोपाठ दोन कॉन्चेर्टो वाजवावे लागतात. त्याच्या वाट्याचे दोन म्हणजे चायकोव्हस्कीचा पहिला आणि लिस्टचा दुसरा. एवढ्या मोठ्या ताफ्यासह वाजविण्याचा अनुभव त्याच्या गाठी जवळजवळ नव्हताच. एकल वादनात जो कालप्रवाह सर्वस्वी आपल्या मुठीत असतो, तो कॉन्चेर्टोत संचालकाशी आणि साठ-सत्तर वादकांशी वाटून घ्यावा लागतो. लय किंचित सैल सोडायची तर मागच्या बाकावरील शिंगवाल्यालाही ती आधी कळावी लागते, आणि ही विद्या वाद्यवृंदाच्या संगतीत वर्षानुवर्षे वाजवूनच अंगी बाणते. त्याचे अंतिम फेरीतील वादन कोठे तेजस्वी, कोठे चाचपडत चाललेले, असे उंचसखल झाले. श्रोते मात्र ढळले नाहीत.

पियानोवरील चूक इतकी उघड का पडते, हे त्या वाद्याशी परिचय नसलेल्या वाचकास सांगणे अवश्य आहे. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि तत्क्षणीच वादकाची त्या स्वरावरील सत्ता संपते. त्याला मींडेने वर सरकविता येत नाही, फुगविता येत नाही, फार तर पेडलच्या साह्याने तो रेंगाळत ठेवता येतो किंवा पट्टी सोडून तोडता येतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांपैकी चुकीची लागली तर ती लागलीच. शिवाय रचना लिखित आहे आणि सभागृहातील पुष्कळांना ती पाठ आहे. आपल्या ख्यालाच्या मैफलीत गवयाची एखादी तान अपेक्षित जागी उतरली नाही, तर तो तिलाच वळसा घालून नवी वाट काढू शकतो, आणि तशी वाट काढली की श्रोत्यांची दाद त्याच क्षणी मिळते. पाश्चात्त्य सभागृहातील वादकास ही दोन्ही सुखे नाहीत. त्याला चुकीतून वाट काढता येत नाही, ती मागे टाकून पुढे जावे लागते. आणि लोकांनी ती मनावर घेतली की नाही हे समजण्यासाठी रचना संपेपर्यंत पूर्ण निःशब्दतेत थांबावे लागते. अशा निःशब्दतेत पाऊण-एक तास निर्भयपणे वाजविणे हे केवढे धैर्य आहे!

मात्र चुकीविषयीची आजची ही असहिष्णुता फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात आन्तोन रुबिनस्टाईनसारखा वादक पट्ट्यांवर तुटून पडे तेव्हा चुकीच्या स्वरांचा खच पडे, आणि तरीही लिस्टनंतरचा सर्वश्रेष्ठ वादक म्हणून लोक त्याच्याकडे पाहत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्फ्रेद कोर्तो आणि आर्तुर श्नाबेल यांच्या तबकड्यांवर ठिकठिकाणी स्वर घसरलेले आहेत. त्या तबकड्या आजही विकल्या जातात आणि शोपँ अथवा बेथोव्हन म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांना आवर्जून ऐकविल्या जातात. पुढे महायुद्धानंतर ध्वनिमुद्रणासाठी चुंबकीय फीत आली आणि परिस्थिती पालटली. फीत कात्रीने कापून जोडता येऊ लागली. दहा वेळा वाजवून प्रत्येकातील उत्तम तेवढे तुकडे निवडून एक अखंड, निष्कलंक वादन तयार करता येऊ लागले. ग्लेन गूल्ड याने तर १९६४ नंतर जाहीर कार्यक्रम करणेच सोडून दिले आणि ध्वनिमुद्रणाच्या दालनात कलाकृती सिद्ध करणे हाच संगीताचा भविष्यकाळ आहे असे आग्रहाने प्रतिपादन केले. त्याच्यासारख्या प्रतिभावंताच्या हाती या साधनाने मोठी कामगिरी केली यात शंका नाही. परंतु दोन पिढ्यांच्या कानांना त्यामुळे अशा निर्दोषतेची सवय जडली, की जी कोणत्याही सभागृहात कोणत्याही माणसाने कधी वाजविलेलीच नव्हती.

याचे उत्कृष्ट उदाहरण व्लादिमीर होरोविट्झचे. बारा वर्षांच्या अज्ञातवासानंतर ९ मे १९६५ रोजी तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पुन्हा लोकांसमोर आला. तिकिटांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहिले होते. बाखच्या टोकाटाने त्याने प्रारंभ केला, आणि पहिल्याच काही क्षणांत त्याची बोटे चुकीच्या पट्ट्यांवर पडली. सभागृहातील प्रत्येकाने ते ऐकले. आणि त्यानंतर तो ज्या प्रकारे सावरला त्याची आठवण तेथे हजर असलेली माणसे जन्मभर सांगत राहिली. त्या कार्यक्रमाची तबकडी मात्र बाजारात आली ती चुका दुरुस्त करून. मूळ वादन जसेच्या तसे प्रसिद्ध व्हायला २००३ साल उजाडले. दोन्ही ऐकून पाहावीत. डागडुजी केलेल्या तबकडीत एक महान वादक आहे. मूळ मुद्रणात तोच महान वादक भयाने ग्रासलेला आहे आणि आपल्या भयावर स्वराच्या बळाने मात करीत आहे. त्या दुपारी लोक ज्याने हेलावले, ते दुरुस्त तबकडीतून पुसले गेले होते.

मॉस्कोच्या श्रोत्यांनी दबार्गमध्ये जे ऐकले तेही याच जातीचे असावे. चूक आणि चूक यांत अंतर असते. तयारी अपुरी असल्याने होणारी चूक वाक्याचा अर्थच मोडते. तिच्यापाशी आले की वाक्य अडखळते आणि पुढच्या वाक्यालाही आपण कोठे निघालो होतो याचे भान राहत नाही. परंतु एखादे वाक्य त्याच्या शिखरापर्यंत नेण्याच्या भरात, जपून जाण्याचा मार्ग मोकळा असताना तो नाकारल्यामुळे जो स्वर निसटतो, तो अर्थाला धक्का लावीत नाही, कारण वाक्याचा रोख श्रोत्याच्या मनात आधीच पोहोचलेला असतो आणि निसटलेली जागा त्याचे मनच भरून काढते. श्रोता येथे दया करीत नसतो. तो अधिक कसून ऐकत असतो. पुढे काय होणार हे वादकालाही पूर्णपणे ठाऊक नाही अशी ज्याची खात्री पटते, तो मनुष्य खुर्चीत मागे रेलून बसू शकत नाही.

अर्थात त्या टाळ्यांतील काही वाटा दबार्गच्या चरित्राचाही होता हे मान्य केले पाहिजे. किराणा-भांडारातील नोकर पियानोचा दिग्विजय करण्यास निघाला, ही कथा स्पर्धेच्या काळातच चोहोकडे पसरली होती, आणि कथेने कान हळवे होतात. क्लायबर्नच्या बाबतीतही शीतयुद्धाच्या ऐन भरात एक अमेरिकन पोरगा रशियन संगीत रशियनांना ऐकवीत आहे या प्रसंगाचे माहात्म्य टाळ्यांत मिसळलेले होतेच. पण कथा कोणालाही पाच मिनिटे ऐकायला लावील. रावेलच्या त्या मधल्या भागात शेकडो माणसांना श्वास रोखून बसविणे कथेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

परीक्षकांवर अन्यायाची फिर्याद करावी, असेही मला वाटत नाही. स्पर्धेचे परीक्षक अनेक असतात, त्यांच्या गुणांची बेरीज होते, आणि बेरजेचा स्वभावच असा, की ज्याला सगळे चांगला म्हणतात तो वर जातो, ज्याला अर्धे अलौकिक आणि अर्धे अपक्व म्हणतात तो खाली राहतो. शिवाय सुवर्णपदक देणे म्हणजे शंभर गावांतील वाद्यवृंदांसह उद्यापासून बिनधोक वाजवू शकेल अशा माणसाची हमी घेणे होय. आणि त्या उन्हाळ्यात दबार्गसंबंधी अशी हमी घेणे धाडसाचे झाले असते. मास्लेयेव्ह तो भार पेलण्यास समर्थ होता. सभागृहाने मात्र एका संध्याकाळचा जबाब दिला, आणि तो जबाब त्या संध्याकाळपुरता खरा होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दबार्गची पहिली तबकडी श्रोत्यांसमोर मुद्रित झाली, ती पॅरिसच्या साल कोर्तोमध्ये. हे सभागृह ज्या संगीतशाळेचे आहे, ती ‘एकोल नॉर्माल’ १९१९ साली स्थापन करणाऱ्यांपैकी एक म्हणजे तेच ते आल्फ्रेद कोर्तो, ज्यांच्या घसरलेल्या स्वरांचा उल्लेख वर आलाच आहे; दबार्ग आणि शेरेशेव्स्काया बाई हे शिष्य-गुरू याच शाळेतले. चार वर्षांनी, २०१९ च्या स्पर्धेत, बाईंचाच दुसरा शिष्य आलेक्सांद्र कांतोरोव्ह सुवर्णपदक घेऊन गेला. दबार्गने दरम्यान स्कार्लातीच्या बावन्न सोनाटांचा मोठा संच मुद्रित केला, आणि मेटनरची ती सोनाटाही पुढे तबकडीवर आणली. ज्या वाचकास या विषयाची गोडी लागली असेल त्याने ती तबकडी अवश्य मिळवावी. परंतु माझा सल्ला विचाराल तर आधी मॉस्कोचे मुद्रण ऐकावे, आणि तेही मध्ये न थांबविता, सभागृहातल्या टाळ्या संपेपर्यंत.