विश्लेषण : टेबल टेनिसमध्ये रॅकेटचा ‘ग्लू’ वादाचा विषय का ठरतो?

दुकानात तयार मिळणाऱ्या टेबल टेनिस रॅकेटवर रबर आधीच लावलेले असते. स्पर्धा खेळणारे खेळाडू मात्र लाकडी ब्लेड वेगळे घेतात, दोन बाजूंची रबरे वेगळी निवडतात आणि ती ब्लेडवर चिकटवून घेतात. रबर झिजले की पुन्हा तेच. काम हस्तकलेच्या तासाला शोभेल असे, पण त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लूवर आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाला (आयटीटीएफ) बंदी घालावी लागली.

स्पीड ग्लू म्हणजे काय?

सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन, हे त्याचे मूळ. सत्तरच्या दशकात युरोपातील खेळाडू ते रबराखाली लावू लागले. युगोस्लाव्हियाचा द्रागुतिन शुर्बेक आणि हंगेरीचा तिबोर क्लाम्पार यांची नावे या युक्तीशी जोडली जातात. सोल्यूशनमधील रासायनिक द्रावक रबराखालच्या स्पंजमध्ये शिरतो, स्पंज फुगतो आणि वरचे रबर ताणले जाते. त्यावरून चेंडू अधिक वेगाने आणि अधिक फिरकी घेऊन सुटतो. फटक्याचा आवाजही खणखणीत होतो. मात्र द्रावक उडून गेला की परिणाम ओसरतो. त्यामुळे जवळपास प्रत्येक सामन्याआधी रबर उचकटून ग्लू लावण्याची सवय जडली.

बंदी कशामुळे?

उडून जाणारा द्रावक जातो कुठे? खेळाडूंच्या नाकातोंडात. हे खेळाडू अनेकदा शाळकरी वयाचे असत. अशा वाफांनी चक्कर, मळमळ होते आणि वारंवार संपर्क आल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो. अखेर १ सप्टेंबर २००८ पासून द्रावकयुक्त ग्लू बंद झाला. त्याआधीच्याच महिन्यात झालेले बीजिंग ऑलिम्पिक स्पीड ग्लूचे शेवटचे ऑलिम्पिक ठरले.

आता रबर कसे चिकटवतात?

पाण्यावर आधारित ग्लूने. तो दिसतो फेव्हिकॉलसारखा, पण घरातला फेव्हिकॉल वापरू नये. तो वाळून कडक होतो आणि पुढे रबर काढताना लाकडाच्या ढलप्या निघण्याची भीती असते. आधी जुना ग्लू बोटाने चोळून काढतात. त्याच्या वळ्या होऊन सुटतात. मग नवा ग्लू स्पंजवर आणि ब्लेडवर पातळ पसरतात. पांढरा थर पारदर्शक झाला की तो वाळला. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, याला बराच जास्त वेळ लागतो आणि घाई केली की आत फुगे राहतात.

रबर मुठीच्या बाजूने टेकवून, न ताणता, लाटण्याने किंवा गोल बाटलीने पुढे सरकत दाबायचे. महासंघाची मान्यताखूण मुठीजवळ दिसली पाहिजे. काही वेळ जड पुस्तकाखाली ठेवून मग कडा कापायच्या. ग्लूचे थरावर थर चढवणे महागात पडू शकते, कारण स्पंज, रबर आणि ग्लू मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत असावी लागते.

मग वाद मिटला का?

नाही. स्पीड ग्लूची जागा ‘बूस्टर’ने घेतली. हे तेलकट द्रव्य स्पंजला लावले की तो फुगतो आणि परिणाम बराच काळ टिकतो. रबरावर कोणतीही भौतिक वा रासायनिक प्रक्रिया नको, असे नियम सांगतो. पण स्पर्धेतील यंत्रे मोजतात ती वाफ आणि जाडी. वाफ न सोडणारा बूस्टर त्यातून निसटू शकतो. जर्मनीच्या टिमो बोलने २०१२ मध्ये याबद्दल जाहीर तक्रार केली होती. मोजता न येणारी गोष्ट नियमाने रोखण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्यात नियम पाळणाराच मागे पडतो.

कंपन्या कारखान्यातच ताण दिलेली रबरे विकतात, तीही नियमात बसवून. अशा नव्या रबराच्या पाकिटातून कधी कधी वास येतो. त्यामुळे पाकीट उघडून रबर दोन-तीन दिवस हवेशीर जागी ठेवावे आणि मगच चिकटवावे. चाचणीत रॅकेट अडकली, तर ऐन सामन्यात दुसरी रॅकेट हाती घ्यावी लागते.