फ्रँक जॉन्सन : आदेश देऊन त्याच शहरात राहिलेले न्यायाधीश

अमेरिकी न्यायव्यवस्थेची चर्चा बहुधा सर्वोच्च न्यायालयाभोवती फिरते. साक्षीपुरावे नोंदवून पहिला आदेश देण्याचे काम मात्र संघीय जिल्हा न्यायाधीश करतो. भारतातील जिल्हा न्यायाधीशाशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. राष्ट्राध्यक्ष त्याची निवड करतात आणि सिनेट तिला संमती देते. त्याला निवृत्तीचे वय नसते, महाभियोगाशिवाय त्याला हटवता येत नाही आणि त्याचे वेतनही घटवता येत नाही. हे संरक्षण कशासाठी, हे अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांच्या कारकिर्दीतून उमगते.

जॉन्सन यांचा जन्म १९१८ चा, विन्स्टन परगण्यातला. यादवी युद्धाच्या वेळी अलाबामाने संघराज्यातून फुटून निघण्यास याच परगण्याने विरोध केला होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत ते जखमी झाले. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीत नेमले आणि काही आठवड्यांतच तेथे कृष्णवर्णीयांचा बस-बहिष्कार सुरू झाला. रोझा पार्क्स यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तरी बसमधील वंशविभाजनाला संघीय न्यायालयात आव्हान दिले ते इतर कृष्णवर्णीय महिलांनी. सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल शाळांपुरता होता. तेच तत्त्व बसलाही लागू होते, असे जून १९५६ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ठरवले. जॉन्सन बहुमतात होते. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

खरी कसोटी १९६५ ची. ७ मार्चला सेल्मा येथे मतदानहक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोर्चाला राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांचा विरोध होता. ते जॉन्सन यांचे विधी महाविद्यालयातील सहाध्यायी. जॉन्सन यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांनाही तत्काळ मोकळीक दिली नाही. सुनावणी होईपर्यंत मोर्चा थांबवण्यात आला. १७ मार्चला मात्र त्यांनी परवानगी दिली. अन्याय जितका मोठा, तितका निषेधाचा अधिकारही व्यापक, असे त्यामागील सूत्र होते. दुपदरी रस्त्यावर तीनशेच मोर्चेकरी चालतील, ही अटही त्यांनी घातली.

पदाला संरक्षण होते, घराला नव्हते. त्यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला, त्या बचावल्या.

पुढील निकालांवरील टीका अधिक विचारार्ह आहे. मनोरुग्णालयांत सक्तीने ठेवलेल्यांना उपचारांचा घटनात्मक हक्क आहे, असे त्यांनी १९७१ मध्ये ठरवले. १९७६ मध्ये तुरुंगांतील कोठडीचे किमान क्षेत्रफळही आखून दिले. न्यायाधीशच राज्यकारभार चालवतो, असा आक्षेप घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. पण राज्य सरकारने हात झटकले होते, हेही तितकेच खरे.

१९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. मनोरुग्णालयांचा तो खटला त्यानंतरही चालू राहिला आणि २००३ मध्ये निकाली निघाला.